रक्तात नाही, मातीत

मी, खाली सही करणारी, वय त्रेसष्ट, धंदा रोपवाटिका, गावात 'रोपवाली' म्हणून ओळखली जाणारी, हे मृत्युपत्र माझ्या स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. डोके ठिकाणावर आहे. कोणी धाक घातलेला नाही की गोड बोलून काही लिहून घेतलेले नाही. मनावर कोणाचे दडपण नाही. पायांवर आहे, पण ते वेगळे, आणि त्याच्याच पायी हे सगळे लिहावे लागत आहे.

वकीलसाहेबांनी छापील नमुना दिला होता. त्यात घर कोणाला, जमीन कोणाला, एवढेच लिहायला जागा होती. मी विचारले, "साहेब, कारणं कुठं लिहायची?" ते म्हणाले, "कारणं कोण वाचतंय, बाई?" म्हणून नमुना बाजूला ठेवला आणि कोरे कागद घेतले. कायद्यात बसणार नाही ते त्यांनी खुशाल सोडून द्यावे, पण खोडू नये.

याआधी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही. माझ्या पश्चात सगळे आपोआप दादाकडे जाईल आणि दादा ते विकून मोकळा होईल, हे ठरल्यासारखेच होते. मलाही त्याचे फारसे काही वाटत नव्हते. गेल्या महिन्यात दवाखान्यात जे कळले त्यातून मी अजून सावरलेली नाही. भाजी चिरता चिरता हात थांबतो आणि विळीसमोर नुसती बसून राहते. डोक्यात एकच घोळत असते, की हे इतके साधे होते आणि आम्हाला कोणालाच कसे कळले नाही!

कलम पहिले, जमीन. डोंगराच्या उतारावरच्या माझ्या मालकीच्या सर्व पट्ट्या, विहिरीच्या हक्कासह, मी माझ्या भाचीला देते. भाची म्हणजे दादाची मुलगी. लहानपणी तिचा पाय एका जागी ठरत नसे, म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणतात. दादाचे बाजारपेठेत जोड्यांचे दुकान आहे. पण गिऱ्हाइकाच्या पायाशी बसून 'हा बघा, तो बघा' करायचा तिला कंटाळा. शाळा सुटली की ती माझ्याकडे वाफ्यांवर यायची, ती पुढे कायमचीच आली.

जमीन कशी आहे हे लिहिणे भाग आहे, कारण सगळे तिच्यातच आहे. हा डोंगर कधीकाळी आग ओकत होता. ते पाहिलेला माणूस कोणाच्या पणजोबांच्याही ओळखीचा नव्हता, पण त्याने ओकलेले कुजून, झिजून ही लाल माती झाली. मूठभर घेऊन दाबा आणि सोडा, ती पावासारखी परत फुलते. पाणी धरून ठेवते, तरी चिखल होत नाही. कोबी, टोमॅटो, मिरची, कुठलेही बी टाका, रोप असे तरारून येते की खालच्या खोऱ्यातले शेतकरी आमच्या रोपांसाठी हंगामाआधी खेटे घालतात. खोड एकच, वरून टाकलेले खत ती गिळून बसते, रोपाला देत नाही. त्यामुळे तिला शेणखत, पालापाचोळा वरचेवर घालावा लागतो. भिंगरीला हे ठाऊक आहे, पण उद्या तिने माणसे कामाला ठेवली तर त्यांना ठाऊक नसेल.

या जमिनीत बाबांचा एक नियम होता. चपला बांधावर. बांधाच्या आत कोणीही, अगदी तलाठी आला तरी, पायात काही घालून यायचे नाही. यात भक्तीबिक्ती काही नव्हती, बाबा हिशेबी माणूस होते. ही माती हलकी. टाच असलेला जोडा तिच्यावर पडला की ती दबते, आणि दबलेल्या जागी रोप खुरटते, हे त्यांनी वाफा वाफा दाखवून सिद्ध केले होते. दुसरे म्हणजे पाणी कधी द्यायचे ते ते तळव्याने ठरवायचे. वाफ्यातून अनवाणी एक फेरी मारली की कुठे कोरडे, कुठे ओले, ते त्यांना समजे. ही विद्या त्यांनी आईला शिकवली आणि आईच्या मागे मला. मी इतकी तरबेज झाले की बाबा म्हणायचे, "हिचे पाय माझ्यापेक्षा हुशार आहेत." माझ्या उभ्या आयुष्यात त्यांनी केलेले कौतुक एवढेच. ते मी जपून ठेवले होते, आता ते आठवले तरी अंगावर काटा येतो.

आईचे पाय मला आठवतात तेव्हापासून सुजलेले होते. आधी बोटे जाड झाली, मग पाऊल, मग गुडघ्यापर्यंत कातडी दगडासारखी, वरून गाठीगाठींची. मधूनच ताप भरायचा. आईच्या आईचेही तेच. मग माझे. लोक म्हणायचे, या घरातल्या बायकांच्या रक्तातच आहे. कोणी म्हणायचे, लागण होते. आई शेवटी मागच्या खोलीत असायची, तिचे ताट वेगळे, तिची बादली वेगळी, आणि ती वेगळी ठेवायचा आग्रह तिचाच असायचा, आम्हाला लागू नये म्हणून. त्या खोलीत तापातच ती गेली.

बाबा सोडले तर आमच्या घरात धडधाकट पायांचा एकच माणूस, दादा. त्याला पहिल्यापासून शेताचा तिटकारा. चिखल लागेल म्हणून बांधावर उभा राहून आम्हाला हाका मारायचा. पुढे जोड्यांचे दुकान काढले आणि जन्मभर चकचकीत बूट घातले. स्वतःबद्दल सांगायचा, "मी बाबांच्या वळणावर गेलो. आईचं रक्त मला आलंच नाही." आम्ही सगळे मान डोलवायचो. आईच्या रक्तातला एकच माणूस बूट घालतो आणि त्याच एकाचे पाय सरळ राहतात, हे आमच्या समोर ढळढळीत उभे होते. तरी कोणाच्या टाळक्यात प्रकाश पडला नाही.

कलम दुसरे. यात देण्याघेण्याचे काही नाही, पण हे कलम गाळल्यास बाकीची समजणार नाहीत.

गेल्या महिन्यात मला ताप भरला आणि डावा पाय लालबुंद झाला, म्हणून मोठ्या दवाखान्यात नेले. तिथल्या कातडीच्या डॉक्टरीणबाई नव्या आहेत. त्या माझ्यासमोर बुटक्या स्टुलावर बसल्या आणि माझे पाऊल उचलून त्यांनी आपल्या मांडीवर घेतले. मी पाय ओढून घ्यायला लागले. "बाई, तुम्हाला लागेल ते." त्यांनी पाय सोडला नाही.

"शेतात पायात काय घालता?"

"पायात? काहीच नाही."

"कधीच नाही?"

"वाफ्यात चपला घातल्या तर बाबा वरून खाली उतरतील."

त्या हसल्या नाहीत. माती कशी आहे, लाल का, डोंगराखालची का, घरात आणखी कोणाला होते, सगळे विचारले. मग म्हणाल्या, "हा मातीचा आजार आहे. आग ओकणाऱ्या डोंगराच्या मातीत फार बारीक कण असतात. अनवाणी चालणाऱ्याच्या कातडीतून ते आत शिरतात. पायातलं पाणी वर नेणाऱ्या बारीक नळ्या असतात, त्यांच्यात जाऊन बसतात. नळ्या सुजतात, बुजतात, पाणी खालीच राहतं. वर्षानुवर्षं हे चालतं."

"पण आमच्या रक्तात आहे ते."

"काही घराण्यांत अंगाची ठेवण अशी असते की त्यांना लवकर होतं, तुमच्या बाबांसारख्या इतरांना होतही नाही. पण माती पायाला लागलीच नाही, तर काही होत नाही. आणि हे एकाचं दुसऱ्याला लागत तर मुळीच नाही."

"मग उपाय?"

"तुमचे पाय पूर्वीसारखे होणार नाहीत, पण वाढायचे थांबतील, हलके होतील. रोज साबणाने धुवा, कोरडे करा, मलम लावा, पट्ट्या बांधा. आणि मोजे, बूट. सुरुवातीलाच कळलं तर तेवढ्यावर पाय नीट राहतो."

"एवढंच?"

"एवढंच."

तो शब्द माझ्या कानातून जात नाही. मला रडू आले नाही. मी त्यांना विचारले, "साबण कुठला?" आणि त्या म्हणाल्या, "कुठलाही." आईच्या खोलीत खिडकीच्या कडेला कपड्याच्या साबणाची वडी असायची. बाहेर आल्यावर मी बाकावर बसले ते उठताच येईना. शेवटी सफाईवालीने हात दिला.

कलम तिसरे, दादा. दवाखान्यातून मी थेट त्याच्या दुकानात गेले, आणि समोरच्या दाराने गेले. एरवी मला मागच्या दाराने यायची सूचना होती, गिऱ्हाईक बिचकते म्हणून. जोडा घालून बघायचा तो स्टूल असतो ना, पुढ्यात तिरका आरसा लावलेला, त्यावर बसले. दादा धावत आला.

"अगं, इथं काय? मागं बस ना."

"बूट दाखव."

"कुणासाठी?"

"शेतात घालायला. मला, तुझ्या लेकीला, सगळ्यांना."

"तुझ्या पायात कुठला जाणार आहे?" तो हसला. मग मी त्याला सगळे सांगितले, जसेच्या तसे. आधी त्याने हात झटकला. नंतर काउंटरला टेकला. मग हळू आवाजात म्हणाला, "म्हणजे आईला..." त्याने वर बघितले. दुकानात छतापर्यंत खोकी रचलेली आहेत. तो शिडी घेऊन वर चढला आणि एकेक खोके काढून खाली ठेवायला लागला, बायकांचे, मुलांचे, गमबूट, कापडी, मापाचा काही विचार नाही. नोकर विचारतोय, "मालक, काय शोधताय?" तर म्हणतो, "हे सगळं इथंच होतं रे. इथंच होतं." मी त्याला इतका हादरलेला कधी पाहिला नव्हता, बाबा गेले तेव्हाही नाही.

तरीही मागच्या दाराबद्दलची अढी मी सोडत नाही. ती कोणाला वारसाहक्काने देत नाही, बरोबर घेऊन जाईन. दादाला मी बाबांचे घड्याळ देते आणि या मृत्युपत्राची अंमलबजावणी त्यानेच करावी असे नेमून देते. तो चेंगट आहे, पण चोर नाही.

कलम चौथे, बँकेतली शिल्लक. तिच्यातून आधी माझे औषधपाणी भागवावे. उरेल त्यातून या उताराच्या वाड्यावस्त्यांवर ज्यांचे पाय सुजले आहेत त्यांच्यासाठी पसरट जोडे शिवून घ्यावेत, पाय धुवायला घमेले, साबण आणि पट्ट्या द्याव्यात. माप घ्यायला दादाने स्वतः जायचे आहे. नोकराला पाठवल्यास चालणार नाही. मागच्या खोल्यांत बसलेली माणसे आपण होऊन दुकानात येणार नाहीत, हे मी अनुभवाने सांगते.

कलम पाचवे, बियाणेवाला. बाजाराच्या तोंडाशी त्याचे दुकान आहे. आम्ही दोघे तरुण असताना त्याने मला मागणी घातली होती. मी नाही म्हटले. तेव्हा माझ्या उजव्या पायाची बोटे नुकती जाड व्हायला लागली होती आणि माझ्या पोटच्या पोरांना हे द्यायचे नाही, असे मी मनाशी पक्के केले होते. त्याला कारण सांगितले नाही. तो काही दिवस रागावला, मग लग्न केले, आता नातवंडे काउंटरवर चढतात. मी अजून बी त्याच्याकडूनच घेते आणि तो अजून मूठभर जास्तच टाकतो. त्याला मी वस्तू काही ठेवत नाही, ते कारण ठेवते. आणि ते कारण खोटे निघाले हेही त्याला कळवावे. बायकोसमोर कळवले तरी चालेल, ती समजूतदार आहे. मी त्यासाठी रडून घेतले आहे, या कलमावर आणखी लिहिणार नाही.

कलम सहावे, घर व अवजारे. राहते घर भिंगरीला. मागच्या खोलीची रस्त्याकडची भिंत फोडून तिथे मोठी खिडकी काढावी आणि ती खोली रोपे विकायला वापरावी. झाऱ्या, खुरपी, चाळण्या, बियांच्या बरण्या सगळ्या तिला. दोन वाफ्यांच्या मधे रुंद फळ्या टाकून घ्याव्यात, म्हणजे बूट घालून फळीवरून फिरता येते आणि माती दबत नाही. मी पंधरवडाभर करून बघितले आहे. ओल हाताने बघावी, नखापर्यंत बोट खुपसले की पुरते, आणि नंतर हात धुवावेत. बाबांची तक्रार असल्यास ती वर गेल्यावर मी ऐकून घेईन.

कलम सातवे, आणि मी हे मृत्युपत्र ज्याच्यासाठी करते आहे ते हेच.

या उन्हाळ्यात भिंगरीने मला एकटीला सांगितले की संध्याकाळी तिच्या उजव्या पायाची आग आग होते. मी पाहिले, अंगठ्याशेजारच्या बोटावरची कातडी खरखरीत झाली आहे, आणि चपलेचा पट्टा पायात रुतून बसतो. कोणाला कळू नये म्हणून तिने बापाच्याच दुकानातून एक नंबर मोठी चप्पल उचलली होती. बाप म्हणतो, "अजून वाढतेयस की काय?" सव्वीस वर्षांची मुलगी ती! तिचे एका वायरमनशी जमलेले आहे. मुलगा सरळ आहे, हातात कला आहे, बोलतो कमी. लग्नाचे नक्की होत आले होते आणि या उन्हाळ्यापासून ती त्याला टोलवते आहे. मी विचारले तर म्हणाली, "आत्या, तू का केलं नाहीस? तेच माझं. घराण्यात आहे ते माझ्या पोरांना कशाला?"

हे तिने माझ्याकडे बघून, अगदी शांतपणे सांगितले. माझेच वाक्य, कधी तोंडाबाहेर न काढलेले, तिच्या तोंडून आले. त्यानंतर दवाखाना झाला. धावत येऊन मी तिला सगळे सांगितले, डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले, त्यांनी तिचा पाय बघितला आणि म्हणाल्या, हा पूर्ण बरा होईल. ती बूट घालते आहे, पाय धुते आहे. पण लग्नाचे काढले की गप्प. एकदा म्हणाली, "डॉक्टर काल आल्या. आपलं घर किती पिढ्यांचं आहे." मला तिचा राग येत नाही. इतक्या पिढ्यांचे खोटे एका सकाळीत कसे खोटे वाटेल? मला स्वतःला अजून मधेच वाटते, आपली काहीतरी ऐकण्यात चूक झाली असेल.

वकीलसाहेब म्हणाले, जमीन लग्नाच्या अटीवर द्या, झक मारत करेल. मी अट घालत नाही. भिंगरे, जमीन तुझी, लग्न कर अगर नको करूस. वायरमन आवडत नसेल तर त्याला आजच हाकल. पण जे आपल्या रक्तात नाही त्याच्यासाठी कोणाला नाही म्हणू नकोस. आपल्या घरातून एवढा एकच नकार पुरे झाला.

कलम आठवे. हे कलम आत्ता, सगळे स्वयंपाकघरातल्या टेबलाभोवती बसलेले असताना लिहीत आहे. वकीलसाहेबांना घाई आहे, पण हे नोंदवल्याशिवाय मी सही करणार नाही.

वरची सगळी कलमे मी मोठ्याने वाचून दाखवली. सातवे वाचताना भिंगरी खिडकीतून बाहेर बघत होती. दादा नाक शिंकरत होता. डॉक्टरीणबाईंनी पहिला साक्षीदार व्हायचे कबूल केले आहे. दुसरा साक्षीदार शेजारचा पाववाला, त्याचा पत्ता नव्हता. वायरमनला मी मुद्दाम आजच दिव्याचा होल्डर दुरुस्त करायला बोलावले होते, असे कोणी म्हटल्यास मी नाकारणार नाही. तो स्टुलावर उभा होता. वकीलसाहेब घड्याळ बघून म्हणाले, "हा आहे की. काय रे, सही येते ना? उतर खाली."

तो उतरला, हात पुसले, पेन घेतले. कागदावर टेकवणार तेवढ्यात वकीलसाहेबांनी विचारले, "ज्यांना मालमत्ता मिळते त्यांच्याशी तुझं काही नातं?"

वायरमन पेन धरून उभा राहिला. मग म्हणाला, "ते त्यांना विचारा."

"म्हणजे काय? हे बघा, स्पष्ट सांगतो. साक्षीदाराच्या बायकोला मृत्युपत्रातून काही मिळत नसतं. आज लग्न झालेलं नसलं तरी उद्या झालं, तर कोणीतरी कोर्टात उकरून काढणार. तेव्हा नातं होणार असेल तर याची सही नको. होणार नसेल तर करू दे, मला दुसरीकडं जायचंय."

मी तोंड मिटून बसले, आणि मला ओळखणाऱ्यांना ते किती कठीण आहे ते माहीत आहे. दादाने काहीतरी बोलायला तोंड उघडले तेव्हा टेबलाखालून मी त्याला माझ्या जाड पायाने ढोसले.

भिंगरी खिडकीपासून उठली. टेबलाशी आली. वायरमनच्या हातातले पेन तिने काढून घेतले, टोपण लावले आणि माझ्यापुढे ठेवले.

"यांची सही नको," ती म्हणाली.

"नको म्हणजे?" वकीलसाहेब.

"नको म्हणजे नको. पाववाल्याला मी बोलावून आणते."

आणि ती गेली. वायरमन पेन नसलेला हात तसाच पुढे धरून उभा आहे. मी हे लिहीत असताना अजून तसाच उभा आहे.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, वाचला, मला मान्य आहे.

ठिकाण: माझ्या घराचे स्वयंपाकघर.
तारीख: वकीलसाहेबांच्या शिक्क्यात आहे ती.

सही: रोपवाली.

साक्षीदार पहिला: कातडीच्या डॉक्टरीणबाई. आमच्यासमक्ष सही झाली.

साक्षीदार दुसरा: पाववाला, शेजारी. पीठभरल्या हाताने सही केली आहे, डाग पाववाल्याचा समजावा. बोलावल्या वेळी आला नाही, त्याबद्दल मी त्याची जन्माची आभारी आहे.